आवाजाचं बटण

तिसऱ्या रांगेतली बाई घुमायला लागली तसं मी आवाजाचं बटण डावीकडं फिरवलं.

टॉकीजमध्ये एकदम शांत झालं. पडद्यावर हलगीवाल्याचे हात चालले होते, भगत तोंड उघडत होता, बंगल्याची दारं आपटत होती, पण सगळं मुकं. खाली दीडशे बायका बसलेल्या. दुपारचा तीनचा खास महिलांचा खेळ. घुमणारी बाई दोन हिसके खाऊन थांबली. इकडं तिकडं बघितलं, सुटलेला अंबाडा बांधला, पदर सारखा केला आणि मटकन खाली बसली.

मी वर प्रोजेक्टरच्या केबिनच्या खिडकीतून ओरडलो, "गेली का देवी? लाइट गेल्यागत गेली की!"

कुणी हसलं नाही. मी एकटाच हसलो.

थोड्या वेळानं हिराबाई जिना चढून केबिनच्या दारात आली. ती बायकांच्या दरवाजावर तिकिटं फाडायची. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. दम खात उभी राहिली.

"सर्जा, हे बंद कर."

"काय बंद करू? सिनेमा?"

"त्यो आवाज मिटवायचा चाळा. तीन दिस झालं बघतीय."

"हिराकाकू, तुम्ही पण? अहो, हलगी वाजली की देवी येती, हलगी थांबली की जाती. म्हणजे देवी कुठं हाय? या बटणात हाय. या, हळदकुंकू वाहा त्याला."

"देवी कुठं का असंना. बायका बोलत असत्यात, त्यास्नी बोलू दे."

"काय बोलतात? हं हं हं करतात नुसत्या."

"तू वर असतूस, तुला हं हं ऐकू येतंय," हिराबाई म्हणाली. "मी खाली असती."

आणि ती जिना उतरून गेली. मला तिचं बोलणं कळलं नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

सिनेमाचं नाव होतं ‘उंबऱ्याआड’. माळावरचा एक बंगला, त्यात नांदायला आलेली नवी सून आणि भिंतीतून येणारं रडणं. नवव्या रिळात भगत हलगी लावतो, सुनेच्या अंगात मेलेली सवत येते आणि आपल्याला कुणी मारलं ते घरादारापुढं सांगते. बस. पुण्याच्या पेपरानं लिहिलं होतं की हा अडाण्यांच्या करमणुकीसाठी काढलेला पोरकट भुताटकीचा सिनेमा आहे. ते कात्रण मी केबिनच्या भिंतीला खळीनं चिकटवलं होतं. पेपरवाले शहाणे, मी शहाणा, आणि खाली बसलेल्या त्या येड्या, असा माझा साधा हिशेब होता.

आता त्याच सिनेमाला अभिजात म्हणतात. महोत्सवात दाखवतात, उभं राहून टाळ्या वाजवतात. दोन वर्षांमागं कुठल्याशा फिल्म क्लबातल्या तरुणाचा फोन आला होता. जुन्या ऑपरेटर लोकांच्या आठवणी गोळा करत होता. म्हणाला, "काका, त्या नवव्या रिळात ध्वनीचा वापर किती विचारपूर्वक केलाय, नाही?" मी फोन ठेवून दिला. त्या ध्वनीच्या बटणावर माझा हात होता, हे त्याला काय सांगू?

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात शिकलो. अंगारे, भानामती, देवऋषी यांच्यावरची पुस्तकं मी शोधून शोधून वाचली आणि चावडीवर उभा राहून भल्याभल्यांशी भांडलो. ‘पुरावा दाखव’ हे माझं पालुपद. माझ्या तोंडाला लोक वचकून असायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हा सिनेमा लागला तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात एका भुसाऱ्याच्या सुनेच्या अंगात आलं होतं. हलगी वाजत होती आणि ती सगळ्यांदेखत बोलली, "या पोरीला पाचवा म्हयना हाय. हिला लाकडं फोडाय लावाल तर घरात दिवा लागू देणार न्हाई." सासूनं तिथंच जमिनीला डोकं टेकलं. दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या हातातली कुऱ्हाड सुटली. मग काय, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायकांची रीघ लागली. मालक गुरुलिंग शेठ खूश. मला मात्र ते कळलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. शुद्ध फसवणूक! त्याच दिवशी मी ठरवलं की बटणाला हात घालायचा.

माझी धाकटी बहीण कौशी. आईबाप लवकर गेले, तिचं लग्न मीच लावलं. तीन कोसांवरच्या वस्तीवर, बिजवराशी. दिनकर दाजी दिसायला मवाळ, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याची पहिली बायको फुला पाणी काढताना पाय घसरून विहिरीत पडली, असं आम्हाला सांगितलं होतं. मी मान हलवली. पाय कुणाचाही घसरतो.

त्या वर्षी नागपंचमीला कौशी एकटीच माहेरी आली. दीड वर्षांची नंदा, तिची पोरगी, सासरी ठेवून घेतली होती. चुलीपुढं बसून कौशी काटकीनं राख उकरत होती.

"दादा, मला माघारी धाडू नको."

"का? दाजी मारतात?"

"न्हाई."

"उपाशी ठेवतात?"

"न्हाई."

"मग झालंय काय?"

"दारात हापसा हाय. तरी आत्याबाई मला रोज विहिरीवर धाडत्यात. एकटीला. मी वाकले की मागं कुणीतरी उभं असतंय. वळून बघस्तवर कुणी न्हाई."

"म्हणजे भूत म्हण की," मी चेष्टेनं म्हणालो.

"भूत असतं तर भ्याले नसते," कौशी म्हणाली.

मग तिनं हळूहळू सांगितलं. फुलाला मूल होत नव्हतं. तिला सासूनं, गजराबाईनं, ढकललं. थोरल्या जाऊबाईनं ते डोळ्यांनी बघितलं आणि तोंड शिवून घेतलं. नंदाच्या बाळंतपणात डॉक्टर म्हणाले होते की आता कौशीला दुसरं मूल होणार नाही. त्या दिवसापासून तिची विहिरीची वाट सुरू झाली.

"जाऊबाई पोलिसात सांगेल का?" मी विचारलं.

"न्हाई सांगायची. तिला बी तिथंच नांदायचंय."

"मग पुरावा काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी मेले की पुरावा व्हईल का, दादा?"

"उगं काहीतरी बोलू नको. पुरावा असल्याबिगर मी कुणाच्या दारात जाऊ? तू इथंच राहा."

"आन नंदा? मुद्दाम ठिवून घेतलीय तिला. मी न्हाई गेले तर त्या पोरीचं काय करतील?"

दुसऱ्या दिवशी मीच तिला एस.टी.त बसवून दिली. वर सांगितलं, "डोळे उघडे ठेव. काही पक्कं सापडलं तर कळव." फौजदारानं हवालदाराला सांगावं तसं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाजार होता. तीनच्या खेळाला बायकांनी टॉकीज भरलं. सिनेमा सुरू झाला आणि हिराबाई वर आली. एरवी ती पहिल्या रिळात दरवाजा सोडायची नाही.

"तुझी भन आलीय. सासू आन जाऊ हायती संगं. तिचा सांगावा हाय."

"काय?"

"म्हणली, दादाला म्हणावं आज आवाज बंद करू नको. हलगी पुरी वाजू दे."

मी मशीनच्या दिव्यात घालायची कार्बनची कांडी खाली ठेवली. "कौशी म्हणाली असं? माझी कौशी? तिला पण हे खूळ लागलं?"

"सर्जा, माझ्या पाया पडून सांगितलंय तिनं."

"बरं, बरं."

"बरं न्हाई. हो म्हण."

"हो म्हटलं की, काकू!"

ती गेली. मी पुढची सात रिळं मनातल्या मनात चरफडत चढवली. सगळ्या तालुक्याला शहाणं करायला निघालेला मी आणि माझ्याच घरात हे. पण शब्द दिला होता.

नववं रीळ लागलं. हलगी कडाडली. मी खिडकीला डोळा लावला. कौशी पाचव्या रांगेत कडेला होती. एका अंगाला गजराबाई, दुसऱ्या अंगाला जाऊ. आधी तिची मान हलली, मग खांदे. मग ती ताडकन उभी राहिली. केस सुटले, कुंकू कपाळभर पसरलं. ती माझी बहीण दिसतच नव्हती.

ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडं ‘झाड’ म्हणतात. झाडाला आधी ओळख विचारायची, मग त्याला काय पाहिजे ते विचारायचं. झाडानं मागितलं ते द्यायचं, आणि तोवर त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. ही रीत. हिराबाई पुढं झाली.

"कुठलं झाड हाईस? नाव सांग."

हलगीच्या वरताण आवाज आला, "मी फुला!"

दीडशे बायकांनी एकदम श्वास ओढला. तो आवाज वर केबिनपर्यंत आला.

"कुठली फुला?"

"हिची सवत फुला. हिरीतली फुला! माझा पाय घसरला न्हाई. मी वाकले, आन पाठीत हात बसला. त्या हातात हिरव्या काचंच्या बांगड्या हुत्या. बारा दिस माझ्या नावानं रडल्या त्याच बांगड्या!"

गजराबाईनं हात पदराखाली घेतले. सगळ्यांनी बघितलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ती उठली, लटपटत कौशीपुढं आली आणि तिनं पदर पसरला.

"फुले, माझं चुकलं गं. पोरी, माझं चुकलं. आता कोप करू नगं. काय पायजे तुला? मागशील ते दीन."

मी केबिनमध्ये उभा होतो आणि मला काय झालं ते सांगतो. मला आनंद झाला. होय, आनंद. पुरावा मिळाला! बाईनं दीडशे जणींसमोर कबूल केलं! आणि लगेच माझ्यातला चावडीवरचा वकील जागा झाला. भुताची साक्ष कोण घेणार? उद्या फौजदार हसेल. हे भुताचं म्हणून चालणार नाही, हे कौशीनं कौशी म्हणून बोललं पाहिजे. शुद्धीवर, दिव्याच्या उजेडात, स्वतःच्या नावानं. खरं आहे तर त्याला सोंग कशाला?

कौशीनं तोंड उघडलं. "मला..."

मी बटण फिरवलं. मशीन थांबवलं, हॉलचे दिवे लावले आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली धावलो.

"थांबा! कुणी घाबरू नका!" मी ओरडत होतो. "हिच्या अंगात काही नाही! भूत नाही, देवी नाही, काही नाही! ही माझी बहीण कौसल्या आहे आणि ती खरं सांगतीय! कौशी, बोल. तुझ्या नावानं बोल. कुणाला भ्यायचं नाही!"

दिव्यांच्या उजेडात सगळं भलतंच केविलवाणं दिसत होतं. पत्र्याची भिंत, शेंगांची टरफलं, आणि मध्ये केस सुटलेली, घामानं भिजलेली माझी बहीण. तिचे हात अजून वर होते. ते तिनं हळूहळू खाली घेतले. पुढं सरकलेल्या बायका मागं सरकल्या. हिराबाईनं तोंडावर हात ठेवला.

गजराबाई पदर पसरून तशीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कौशीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येताना मी डोळ्यांनी बघितला. तिनं पदर गोळा केला आणि कमरेला खोचला.

"म्हंजी नाटक केलंस व्हय गं?"

मग गजराबाई बायकांकडं वळली.

"बायांनो, ऐकलं का? हिचा भाऊच सांगतुया. अंगात न्हाई, काय न्हाई. मेल्याली सवत तोंडात घिऊन सासूला चोर करती ही. रांडंनं माझ्याकडनं पदर पसरून घेतला!"

"तुम्ही कबूल केलंय!" मी ओरडलो. "माझं चुकलं म्हणालात! या सगळ्यांनी ऐकलंय!"

"भुताला म्हणलं. भुताम्होरं कोण बी म्हणल. तुमच्या म्हणण्यानं तर भूतच न्हवतं, पावणं. मग मी म्हणलं कुणाला?"

मी वळून बायकांकडं बघितलं. "तुम्ही ऐकलं ना? सांगा की! कुणीतरी बोला!"

दीडशे बायका. एकेक उठली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून बाहेर पडली. मला तेव्हा त्यांचा राग आला. पुढं कळलं की त्यांनाही घरीच जायचं होतं. त्या टॉकीजमध्ये त्यांना बोलायला एक जागा सापडली होती आणि मी तिथं येऊन मोठ्यानं सांगितलं होतं की ही जागा खोटी आहे.

मी कौशीचा हात धरला. "चल घरी."

"पोरगी तिकडं हाय."

"तिला आणू आपण. कोर्टात जाऊ."

तिनं हात सोडवून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग असता तरी मला बरं वाटलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "मागायचंच ऱ्हायलं हुतं."

दारात दिनकर दाजी बैलगाडी घेऊन उभे होते. ती स्वतःच्या पायांनी जाऊन गाडीत बसली.

मी तसाच पोलीस चौकीवर गेलो. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं, पान लावलं.

"साक्षीदार?"

"दीडशे बायका."

"काय ऐकलं त्यांनी? मेलेली बाई बोलली?"

"नाही. माझी बहीण बोलली. अंगात आल्याचं सोंग करून."

"म्हणजे सोंग होतं."

"सोंग होतं, पण ती सांगत होती ते खरं होतं."

"भाऊ," तो म्हणाला, "भूत असेल तर मला घेता येत नाही आणि सोंग असेल तर ते खोटं. तूच सांग, मी काय लिहू?"

‘पुरावा दाखव’ असं तो शब्दानं म्हणाला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाज पूर्ण ठेवला. हलगी अशी वाजायची की पत्रे थरथरायचे. एकही बाई घुमली नाही. चार दिवसांत महिलांचा खेळ ओस पडला, आठव्या दिवशी शेठनं सिनेमा उतरवला. हिराबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. मी तीन वेळा कौशीच्या वस्तीवर जाऊन आलो. तिन्ही वेळा तिनं उंबऱ्याच्या आतून सांगितलं, "बरी हाय मी, तू जा." मागं गजराबाई उभी असायची.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी निरोप आला. पाणी काढताना पाय घसरला.

त्याच विहिरीत. पंचनाम्यातही तेच शब्द. मी तिथं काय बोललो, कुणाकुणाची गचांडी धरली, ते लिहीत नाही. त्यानं काहीही झालं नाही. बटण फिरवलं तेव्हा माझ्या हाताला जेवढं बळ लागलं होतं, तेवढंही त्या ओरडण्यात नव्हतं.

तेराव्याला मी गेलो तो नंदासाठी. अंगणात भावकी जमली होती. जेवणं उरकली होती आणि एका कोपऱ्यात दाजीच्या तिसऱ्या लग्नाची कुजबुज चालू होती. तेराव्या दिवशी! पोरगी गोठ्याच्या दारात मातीत बसली होती. नाक वाहत होतं, अंगात नुसता झबला, आणि पायाच्या पोटरीवर चटक्याचा ताजा डाग. रुपयाएवढा, गोल. मला बघून ती रडली नाही. रडायचं नाही एवढं शिकली होती ती.

मी भावकीपुढं हात जोडले. "पोरगी मला द्या. मी वाढवतो."

"आमची पोरगी परक्या घरी कशाला?" गजराबाई म्हणाली. "लोकं काय म्हणतील?"

"तिच्या पायाला काय झालंय?"

"चुलीपशी गेली. पोरगी द्वाड हाय आईवाणी."

मी कायदा सांगितला, धमकी दिली. शेवटी दाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. दाजी आईकडं बघत राहिला. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "पावणं, जेवलात न्हवं? आता ऊन खाली व्हायच्या आत निघा."

गजराबाई पोरीकडं वळली, दंडाला धरून तिला उचललं आणि दोन पावलं घराच्या दाराकडं टाकली. पोरगी तरीही रडली नाही.

तेव्हा मी टोपी काढून फेकली.

नववं रीळ मी शंभर वेळा बघितलं होतं. कुठल्या ठोक्याला मान कुठं जाते, खांदा कधी उडतो, श्वास कुठं अडतो, सगळं मला पाठ होतं. तिथं हलगी नव्हती. माझ्या डोक्यात होती. मी गुडघ्यांवर बसलो, मान गरगरा फिरवली आणि पोटातून आवाज काढला, "हं... हं..."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एक जण ओरडला, "आरं, सर्जेरावाच्या अंगात आलं!"

"सर्जेरावाच्या? चावडीवर देवऋष्याला शिव्या देतो त्या?"

"त्योच! देवाला न मानणारा!"

माणसं मागं हटली. भगत असता तर कुणी खरं मानलं नसतं. माझ्यावर विश्वास बसला, कारण माझा कशावरच विश्वास नाही हे दहा गावांना माहीत होतं. आयुष्यभर घसा फोडून मी जे नाव कमावलं होतं ते त्या अंगणात एका फटक्यात खर्ची घातलं.

पण ओळख विचारल्याबिगर झाड बोलत नाही आणि विचारायला कुणी पुढं येईना. गजराबाई पोरीला घेऊन दारात थिजली होती. मी घुमत राहिलो. मान तुटायला आली, तोंडाला फेस आला. माती नाकात गेली. आता कोणी विचारलं नाही तर मी इथंच मरेन, असं वाटलं.

मग बायकांच्या घोळक्यातून थोरली जाऊ पुढं आली. जिनं सगळं बघितलं होतं आणि कधी तोंड उघडलं नव्हतं ती. तिचा आवाज कापत होता.

"कुठलं झाड? नाव सांग, बाई."

बाई म्हणाली ती मला. ती ओळखत होती. मला अजून खात्री आहे, तिला सगळं कळलं होतं.

"मी कौशी," मी म्हणालो.

गजराबाई मटकन उंबऱ्यावर बसली.

"काय पायजे तुला, कौशे?" जाऊनं विचारलं.

"माझी पोरगी. दादाच्या हातात दे. परत तिच्या वाटंला जाल तर या घरात पाण्याचा घोट गिळू देणार न्हाई. जवा वाकशील, तवा मागं मी हुबी असीन."

ते शेवटचं मी गजराबाईकडं बघून म्हणालो.

खरं सांगा, म्हणाल. सांगतो. ढोंग होतं. शंभर टक्के ढोंग, पहिल्या हिसक्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत. कौशी बिशी कुणी आली नव्हती. आली असती तर तिनं आधी माझ्याच थोबाडात मारली असती.

आणि हे ढोंग मी चाळीस वर्षं सांभाळलं. दर अवसेला त्या वस्तीवरून कुणी ना कुणी यायचं, कौशीला नारळ घेऊन. मी तो घ्यायचो, कपाळाला हळद लावून. एकदा जरी म्हणालो असतो की खोटं होतं, तर ते पोरगी ओढून घेऊन गेले असते. आणि ती मोठी झाल्यावरही, गजराबाई जिवंत असेस्तोवर, तिच्या पाठीमागची ती भीती मला मोडायची नव्हती. माझ्याबरोबर चावडीवर भांडणारी, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतली पोरं मला फितूर म्हणाली, रस्त्यात थुंकली. मी तोंड मिटून घेतलं. गेल्या महिन्यात गजराबाई मेली, पंच्याण्णव वर्षांची होऊन, खाटेवर. म्हणून हे आता लिहितोय. नंदाला आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छापा."

त्या दिवशी जाऊनं गजराबाईच्या हातातून पोरगी घेतली आणि माझ्या कडेवर दिली. मी उठलो. पण घुमणं थांबवता येईना. थांबलो की झाड गेलं, झाड गेलं की मी पुन्हा नुसता सर्जेराव, आणि नुसत्या सर्जेरावाला ती माणसं पोरगी देणार नव्हती. भावकी हात जोडून मागून चालत होती. म्हणून मी पोरीला छातीशी धरून तसाच घुमत निघालो. अंगणातून गाडीवाटेला, गाडीवाटेनं ओढ्याला. पाय ठेचकाळत होते, मान उडत होती, घशातून हं हं चालू होतं. शिवेच्या दगडापाशी माणसं थांबली, तरी मी मागं वळून बघितलं नाही. तसाच झुलत राहिलो, पुढं कितीतरी वेळ.

नंदा खांद्यावर झोपली होती.